दुसरं कडवं

"कोणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या पोराला रॅप मी शिकवलं!" मायामीतल्या कॉफीच्या टपरीपुढे डॉमिनोची सोंगटी आपटत म्हातारा एउसेबियो म्हणाला.

क्यूबाहून आलेल्या आईबापाचं ते पोर याच फुटपाथवर तोंडाने ढोल वाजवत मोठं झालं आणि आता रॅप गाऊन स्टेडियमं भरत होतं. त्याच्या नव्या गाण्यात आंबेवाल्या रेमिहिओचं नाव आलं, तेव्हापासून रेमिहिओ आंब्यांवर सह्या करून विकत होता. एउसेबियोचा नुसता जळफळाट. गाण्यात ते नाव आलं रे आलं, की तो रेडिओच बंद करायचा.

"अरे, रोज माझ्या खिडकीखाली यायचा. मी वरून ताल धरायचो, तो खालून शब्द जुळवायचा. ताल असा, की समुद्रावरचे पेलिकन पक्षी येऊन तारेवर रांगेत डोलायचे! गाण्यात माझंच नाव घालणार होता. मीच म्हटलं, राहू दे बाळा, बिचाऱ्या रेमिहिओचं घाल."

शेजारी रेमिहिओ मान खाली घालून आंब्यावर सही करत होता.

"थापाड्या!" कॉफीवाली कारिदाद आतून ओरडली. "ताल कसला धरायचास? 'गोंगाट बंद कर' म्हणत त्याच्या डोक्यावर बादली ओतायचास तू! गाणं पुढे ऐकलंयस कधी? रेमिहिओच्या वाट्याला एक ओळ आलीय. दुसरं कडवं अख्खं त्या बादलीवाल्या म्हाताऱ्यावर आहे!"

"अख्खं कडवं?" छाती फुगवत एउसेबियोने रेडिओ लावला.

"कशाला सांगितलंस गं त्याला?" रेमिहिओ कळवळून म्हणाला.