शिळा बसेपर्यंत

“आज तरी बसली का रे शिळा?” सायलस हॅनफर्डने अंथरुणातूनच विचारलं.

शेजारचा रूबेन कोकर दारात टोपी चुरगाळत उभा राहिला. “नाही बुवा. उद्या बघू.”

“उद्या म्हणे! तुझ्या बापाने एका दिवसात बसवली असती. तुम्ही काय, नुसते चहा ढोसता.”

रूबेनने निमूटपणे ऐकून घेतलं. सायलसच्या बायकोने, हेस्टरने दिलेला चहा प्यायला आणि तिने नुकतीच पुसलेली फरशी जराही न मळवता निघून गेला.

टॅमसिन कोपऱ्यात बसून हे पाहत होती. तिचं डोकं तापलं. बापाला बघायला ती प्लिमथहून आली होती, आणि आल्यापासून रोज हेच चाललं होतं.

डार्टमूरच्या त्या खोऱ्यात माणूस गेला की खांद्यावरून न्यायचा तो जुन्या शिळांच्या पुलावरूनच. खाली मोटारींचा चांगला पूल आहे, पण एकही हॅनफर्ड त्यावरून दफनभूमीत गेलेला नाही. सप्टेंबरच्या पुरात मधली शिळा नदीत पडली, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरने हात टेकले. सायलसने मात्र सगळ्यांना बजावलं, “शिळा बसल्याशिवाय मी जागचा हलणार नाही.”

आता नाताळ तोंडावर आला होता. दिवसभर नदीकडून हातोडीचा आवाज यायचा. शिळेखाली दगडाच्या चिपा ठोकतात तसा, टण टण. तो कानावर पडला की सायलस शिव्या घालायचा आणि सुपाचे चार घोट जास्त घ्यायचा.

“आई, बाबांनी जन्मात एवढं एकच मागितलंय,” टॅमसिन म्हणाली. “तेही यांच्याच्यानं होऊ नये? ते असेच गेले तर?”

“दगडाची कामं अशीच असतात गं.”

“तीन महिने? दुकानात विचारलं तर सगळे हवापाण्याच्या गप्पा मारतात.”

“चिखल आहे. तू खाली जाऊ नकोस.”

“तू त्यांना पाठीशी घालू नकोस.”

हेस्टर झोपलेल्या नवऱ्याची उशी सारखी करत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर टॅमसिनने बापाचे गमबूट पायात चढवले आणि तरातरा उतार उतरली. रूबेनकाकाला काय काय सुनवायचं ते तिने वाटेत जुळवून ठेवलं होतं. आळशी तर म्हणायचंच होतं. बापाशी मेंढ्यांवरून झालेलं जुनं भांडणही काढायचं होतं, कारण हा मुद्दाम सूड उगवतोय अशी आता तिची खात्रीच झाली होती. रडू येत होतं, ते तिने आवरलं.

वळणावर पूल दिसला आणि ती जागीच थबकली.

तिन्ही शिळा जागच्या जागी होत्या. मधल्या शिळेवरून मेंढ्या निवांत पलीकडे चालल्या होत्या. काठावर गोणपाट अंथरून रूबेन बसला होता आणि एका सुट्या दगडावर हातोडी मारत होता.

“काका,” तिच्या तोंडून कसंबसं निघालं. “शिळा कधी बसली?”

“सप्टेंबरातच.” रूबेनचा हात थांबला नाही. “हळू बोल, वारा घराकडे आहे. तुझ्या आईने सांगितलंय, आवाज थांबू द्यायचा नाही.”