नळाची चिंधी

बाथरूममध्ये कुणीतरी हळूच पेला ठेवल्याचा आवाज आला. हाँगकाँगच्या हॉटेलात दुपारी आम्ही दोघीच होतो. माझी लेक शिवलीला कुशीत झोपलेली. हे बोटी बघायला गेलेले.

सासूबाई लातूरलाच राहिल्या होत्या. “दुष्काळाचा नळ कवा येईल नेम न्हाई. मी आले तर पाणी कोण भरंल गं?” सकाळपासून त्या फोन उचलत नव्हत्या.

मी दार उघडलं. टब काठोकाठ भरलेला. पेले, किटली, साबणाची वाटीसुद्धा भरलेली. नळाच्या तोंडाला पाणी गाळायची चिंधी, सासूबाई बांधतात तशीच, दोन गाठींची.

शिवलीला डोळे चोळत मागं आली आणि चिंधीकडं बघून खुदकन हसली.

“आई, आजी इथं पाणी भरत बसली, तर घरी फोन कोण उचलंल?”