पासंग

“पासंग आहे हा, शकूताई, चक्क पासंग!” सर्जेराव माइकवर ओरडले. गेममधला त्यांचा शिपाई तिसऱ्यांदा आडवा झाला होता.

“अहो साहेब, हरलात की झालं तुमचं सुरू!” पलीकडून शकूताई खदखदून हसल्या.

सर्जेराव निवृत्त वजनमापे निरीक्षक. मार्केट यार्डातल्या तराजूंच्या पारड्याखाली चिकटवलेली चोरटी वजनं, म्हणजेच पासंग, शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आता वारज्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ते कॉम्प्युटरवर माउसनं बंदुकीचा गेम खेळत. शकूताई शनिवार पेठेत टीव्हीपुढे कंट्रोलर घेऊन बसत. गाठ पडली ती गेममध्येच. वेळ दुपारी एक ते चार, म्हणजे सगळं पुणं झोपतं तेव्हा. कंट्रोलरवाल्यांचा नेम गेम स्वतःच जरा सरळ करून देतो, हे कळल्यापासून सर्जेरावांचं डोकं फिरलं होतं.

“कंट्रोलरवर अंगठ्यानं नेम धरून बघा एकदा,” शकूताई म्हणाल्या. एके काळी त्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसत. “कललेला काटा सरळ करायलाही पासंग लावतात, साहेब.”

“ते मला शिकवू नका!”

त्यांनी कंपनीला तक्रारअर्ज धाडला. विषय, संदर्भ, सोबत पुरावे. मग पाच स्मरणपत्रं. अखेर उत्तर आलं: यापुढे माउस आणि कंट्रोलरचे सामने वेगळे. कधी एकदा शकूताईंना सांगतो, असं त्यांना झालं.

दुपारी एकला ते बसले. समोर सगळे माउसवाले. कोणी चकार शब्द बोलेना. दुसऱ्या दिवशीही तेच. शकूताईंचा फोन नंबर त्यांनी कधी मागितला नव्हता. बाईमाणसाला नंबर विचारणं बरं दिसलं नसतं. दिवसभरात आपल्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, हे त्यांना आता कळलं. घर खायला उठलं.

शनिवारी ते कंट्रोलर घेऊन आले. अंगठे मेले ऐकतील तर शपथ! आठवडाभर ते भिंतींवर गोळ्या झाडत राहिले. मग एका दुपारी शिपाई आडवा झाला आणि कानात ओळखीचं हसू आलं.

“साहेब, तुम्ही? आणि कंट्रोलरवर? म्हणजे आता तुम्हालाही पासंग!”

सर्जेरावांनी माइक तोंडाजवळ ओढला.

“असू दे, शकूताई,” ते म्हणाले. “दिवस फारच एकीकडे कलला होता.”