परतीचा झोका

“जा ना ताई, करवलीनंच आधी बसायचं असतं,” केतकी म्हणाली, आणि हेमांगी रोलर कोस्टरमध्ये सुहृदच्या शेजारी बसली. दोघांच्या कपाळाला गार चकत्या चिकटल्या. जाताना मन ज्याचं त्याचं, येताना चकत्यांमधून शेजारच्याचं मन आपल्यात उतरायचं. या गाडीत बसवून पारखल्याशिवाय हल्ली कुणी मुलगी देत नसे.

सुहृद हेमांगीच्याच ऑफिसातला. दोन वर्षं तिच्या डब्यातली भाजी खाल्ली, आणि तिनेच हौसेनं घरी आणलं तेव्हा पसंत केलं धाकट्या केतकीला. याच्या मनात एक तरी खोट सापडू दे, मग बघतेच, असं मनाशी म्हणत तिने दात आवळले.

गाडी पोलादी रुळांवरून सुसाट सुटली, आभाळात उभ्या चढलेल्या टोकाशी क्षणभर लोंबकळली आणि तशीच उलटी घसरली. चकत्या तापल्या. हेमांगीच्या छातीत एकदम केतकी भरून आली, तिचं हसणं, तिची अखंड बडबड. खोट शोधायला जागाच नव्हती.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की तिकडेही काहीतरी पोचत असणार. चकती उपटायला ती धडपडली, पण पट्ट्याने हात जखडले होते.

गाडी थांबली. सुहृद पांढराफटक पडला होता.

“कसा आहे गं?” केतकी धावत आली.

“चांगला आहे,” हेमांगी कशीबशी म्हणाली.

“आणि तुला रे, ताईचं काय कळलं?”

सुहृद खाली बघून पट्टा सोडवत राहिला.

“ताईंना उंचीची फार भीती वाटते,” तो म्हणाला.

सकाळपर्यंत तो तिला हेमा म्हणत होता.