पिसाचा फोटो

माझा नवरा शैलेंद्र गेला, त्याला वर्ष होईल. तेव्हापासून पलंगामागच्या भिंतीवरचा त्याचा इटलीतला, पिसाचा फोटो रोज सकाळी तिरका झालेला असतो. मी रोज सरळ करते. ओजसने फ्रेमखाली दोन खिळे ठोकून दिले, तरी तेच. "आई, इट्स जस्ट द फर्नेस. भिंती हलतात," म्हणाला. पण आता ओटावात जून आहे, घर तापवणारा फर्नेस केव्हाचा बंद आहे.

पिसाला आम्ही फ्लॉरेन्सहून ट्रेनने गेलो होतो, एका दिवसासाठी. झुकत्या मनोऱ्याशेजारी त्याला ताठ उभं करून मीच हा फोटो काढला. परतताना ट्रेनमध्ये दमून त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"सरळ बस ना, लोक बघतायत."

तो लगेच सरळ बसला. पुन्हा कधी टेकला नाही.

आज फोटो सरळ करायला हात उचलला आणि तसाच राहिला. तिरक्या फ्रेममध्ये मनोरा सरळ उभा होता. कलला होता तो शैलेंद्र, माझ्या उशीच्या बाजूला.

मी हात खाली घेतला.

"टेक," म्हणाले. "इथे कुणी बघत नाहीये."