राखाडी पॅलेटची चाचणी

"पिवळीच घ्या, मॅडम," काका पुन्हा म्हणाले. "राखाडी नकोत."

मॅनेजरबाई राखाडी पॅलेट निरखत होत्या. गोदामाच्या मधल्या मोकळ्या जागेत माल रचायची प्लॅस्टिकची दोन पॅलेट शेजारी शेजारी ठेवली होती. एक पिवळं, एक राखाडी. दोन्ही एकाच विक्रेत्याने आणलेली. माप तेच, भार पेलायची हमी तीच. राखाडी पॅलेट जुनं प्लॅस्टिक वितळवून केलेलं, म्हणून स्वस्त. लाकडी पॅलेट आता जाणार हे तर ठरलंच होतं. त्यांचे खिळे वर यायचे, पोती फाटायची आणि साबणाच्या पावडरीचा जमिनीवर सडा पडायचा. कुठलं प्लॅस्टिक घ्यायचं, एवढंच उरलं होतं.

त्यात काकांचं काय अडलंय, हे बाईंना कळत नव्हतं. गोदाम सुरू झालं तेव्हापासून फोर्कलिफ्ट काकाच चालवत आले होते. प्लॅस्टिकच नको, असा आधी त्यांनी धोशा लावला. लाकडात गाडीचे काटे शिरले की आवाज येतो, म्हणाले, माणसाला कळतं. ते कुणी मनावर घेतलं नाही, तेव्हा पिवळ्याचा हट्ट धरला. बाईंनी कारण विचारलं.

"पिवळं बरं दिसतं."

"आपण काय घराला पडदे घेतोय का, काका?"

काका हसले नाहीत. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पिवळ्यावर विक्रेत्याला जास्त सुटत असणार आणि त्याने म्हाताऱ्याचेही हात ओले केले असणार. निवृत्तीला टेकलेला माणूस. त्यांना वाईट वाटलं, पण नवलही वाटलं नाही.

बाई या गोदामात नव्या होत्या. इथल्या आणखी एका गोष्टीचा त्यांना वैताग यायचा. काका गाडीवर बसले की हमालांच्या तोंडाला खळ नसायचा. "काका, डावीकडे सासूबाई उभ्या आहेत!" "उजवीकडे या की, मोकळं मैदान आहे." "आता टेका, दमलात." एक गप्प बसला की दुसरा सुरू. बाईंनी दोनदा खडसावलं होतं. त्यावर मुकादम म्हणायचा, "तेवढंच काम हलकं होतं, मॅडम." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चाचणी राखाडीची घ्यायची ठरली. हमालांनी त्यावर पोती रचली. त्यांच्या नेहमीच्या थट्टेतच गाडीचे काटे आत गेले, भार जमिनीवरून सुटला. विक्रेत्याने मोबाइल वर धरला.

"याचं शूटिंग आमच्या साहेबांना पाठवायचंय," तो म्हणाला. "जरा शांतता मिळाली तर बरं होईल."

बाई हमालांकडे वळल्या. "भार रॅकवर बसेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आज थट्टा नको."

मुकादम चुळबुळला. "मॅडम, थोडं बोललो तर..."

"एक शब्द नाही."

गाडी रॅकपर्यंत गेली. भार वर चढू लागला. पहिला कप्पा, दुसरा, तिसरा. पॅलेट वाकलं नाही, करकरलंही नाही. विक्रेता खुशीत आला. मग गाडी थांबली आणि थांबूनच राहिली.

"हं, ठेवा आता," विक्रेता म्हणाला.

गाडी जराशी पुढे सरकली. पॅलेटचा कोपरा रॅकच्या खांबाला धडकला. सगळी रॅक थरारली. वरचं एक पोतं कलंडलं आणि कसंबसं अडकलं. मुकादमाने तोंडावर हात दाबून धरला होता. त्याची नजर बाईंवर होती.

"कुणीतरी बोला," काका म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मला खांब दिसत नाही."

कुणी हललं नाही. सासूबाई म्हणजे खांब होता आणि मैदान म्हणजे रिकामा कप्पा, हे बाईंना तेव्हा कळलं.

"मोबाइल बंद करा," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. "सगळे मागे व्हा." मग दोन्ही बाजू दिसतील अशा बेताने त्या उभ्या राहिल्या. "काका, सरळ मागे या. या. अजून. थांबा. आता भार खाली घ्या. सावकाश. टेकला. गाडी बंद करा."

गाडी बंद झाली. मुकादम पुढे आला.

"वर्षभर झालं असेल, मॅडम. बाजूचं दिसत नाही त्यांना, अंतराचा अंदाज येत नाही. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. आम्हीच म्हटलं, काका, निभावून नेऊ."

"आणि खाली तुमच्यातलाच कुणी असता तर?"

विक्रेत्याने हळूच विचारलं, "मग राखाडी पास समजू का?"

"भार पेलला त्याने," बाई म्हणाल्या. "पण पिवळी पाठवा. ती चटकन दिसतात. काका उगाच हट्ट धरत नव्हते."

काका अजून गाडीवरच होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाई जवळ गेल्या. आता ते हातापाया पडतील, एवढे दिवस काढू द्या म्हणतील, असं त्यांना वाटत होतं. नाही कसं म्हणायचं, याची जुळवाजुळव त्या मनातल्या मनात करत होत्या. काकांचा पाय पायरी चाचपत होता. बाईंनी हात पुढे केला. तो धरून ते खाली आले. खाली आल्यावरही काकांनी तो सोडला नाही.

"बरं झालं, पोरी," ते म्हणाले. "रोज वाटायचं, आज कुणाच्या तरी अंगावर पाडणार. ही पोरं जीव लावतात, त्यांना नाही म्हणवेना. माझं मला उतरता येत नव्हतं."