सोमवारची तपासणी

"खाली उतरा सगळे," त्र्यंबकराव वरून ओरडले. "ही परांची चालायची नाही."

दुसऱ्या मजल्यावरचे चारही गवंडी हातातली थापी धरूनच थांबले. ठेकेदार रुद्राप्पा खालून हात जोडत म्हणाला, "साहेब, उद्या सज्जा भरायचा हाय. एवढा दिस ऱ्हाऊ द्या की."

"फळ्यांमध्ये पाय जाईल एवढी फट आहे. बाहेरच्या अंगाला कठडा नाही. सरकारनं नियम कशाला केलेत?"

राजारामपुरीत शाळेची इमारत उठत होती. साल चौऱ्याहत्तर. महिनाभर दर सोमवारी त्र्यंबकराव सायकलवरून यायचे, चपला काढून शिडी चढायचे आणि सुंभाची एकेक गाठ हातानं चाचपायचे. पहिल्यांदा ते आले तेव्हा विटा वाहणाऱ्या बसव्वानंच रुद्राप्पाला सांगितलं होतं, "परांची तपासणारं साहेब आल्यात. वर जाऊ द्या." तेव्हापासून शिडीचा पाय तीच धरायची. ते तिच्याशी कधी बोलत नसत. तिच्याकडे बघतही नसत.

रुद्राप्पानं कुरकुरत बांबू सोडवले. कोपऱ्यातला बांबू जमिनीवर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आतून नुसता भुसा सांडला. त्यावर सकाळपासून उभा असलेला गवंडी वाळूच्या ढिगावर बसला. 

नवे बांबू बांधून, कठडा लागेपर्यंत त्र्यंबकराव उन्हात उभे राहिले. मग निघून गेले.

दुपारी जीप आली. फाईल घेऊन एक तरुण अधिकारी उतरला. त्यानं खालूनच वर नजर टाकली.

"परांची तपासायची आहे. या भागात दोन वर्षं आमचं कुणी नव्हतं."

"आसं कसं?" रुद्राप्पा म्हणाला. "सकाळीच त्र्यंबकसाहेब तपासून गेल्यात की."

अधिकाऱ्यानं फाईलमधून मान वर केली. "त्र्यंबक भागवत? त्यांना नोकरीवरून काढलंय. पेठ वडगावला परांची कोसळून माणूस मेला. यांनी वर न चढताच सही केली होती."

रुद्राप्पा संतापून बसव्वाकडे वळला.

"तू सांगितलंस म्हणून त्येला वर सोडला! ठावं न्हवतं व्हय तुला?"

बसव्वानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"ठावं हुतं की," ती म्हणाली. "वडगावात मेला त्यो माझा नवरा."